वरलं अंग

दत्ता,

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागला आहे. मधोमध तू, काळ्या कोटात, आणि तुझ्याभोवती श्रद्धांजली वाहणारे एकोणीस चेहरे. एसटीला वेळ होता म्हणून मोजले. त्यातल्या तिघांविरुद्ध तू दावे चालवले होतेस. एकाला तर तू बारा वर्षं नमस्कारसुद्धा करत नव्हतास. तो सगळ्यांत मोठा छापला आहे. तुझ्या नावाआधी 'कायदेपंडित' असं लिहिलं आहे. जिवंत असतास तर त्या एका शब्दावर मनाई हुकूम आणला असतास. शिवाय 'श्रद्धांजली'त द-ला ध जोडायचा, तिथं ध-ला द जोडला आहे. सवयीनं माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. मग लक्षात आलं की फ्लेक्स दहा फूट उंच आहे. आणि हेही आठवलं की एकदा मी दुसऱ्याचा मजकूर सुधारायला गेलो होतो, तेव्हा काय झालं होतं. पेन खिशातच राहू दिलं.

तुझा जन्म, शिक्षण, सनद, पश्चात परिवार, सगळं पेपरात आलं आहे. बरंचसं बरोबरही आहे. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द आपण पंधरा-सोळा वर्षं चहाच्या कपाखाली दाबून ठेवला. तू दाबलास म्हणून मी दाबला, असं मी स्वतःला सांगत आलो. कोर्टात ही सबब टिकली नसती.

तू पुण्याहून वकिली शिकून आलास आणि जुन्नरला बसायला लागलास, ते नव्वदनंतरचे दिवस. पेंडीच्या दुकानावरची ती खोली. जिना चढताना सरकीचा वास, खोलीत सरकीचा वास, आणि पावसाळ्यात तुझ्या कोटालाही सरकीचा वास. बाररूममधले एक ज्येष्ठ तुला बघून म्हणायचे, "आले म्हशींचे वकील." तू खाली बसत म्हणायचास, "म्हैस चांगली पक्षकार असती, साहेब. दर तारखेला येऊन 'माझं काय झालं' विचारत न्हाई." ते हसायचे, पण पुन्हा तीच थट्टा करायचे. थट्टेच्या बाबतीत ते काटकसरी होते.

शाळेत आपण एका बाकावर होतो. तू शेतकऱ्याचा, मी पोस्टमास्तरांचा. तू वकील झालास, मी त्याच शाळेत मराठीचा मास्तर. तेव्हापासून तू मला 'मास्तर' म्हणायला लागलास, तेही बायकोसमोर, माझ्या आईसमोर, सगळ्यांसमोर. नाव विसरलास की काय अशी शंका यावी इतकं. मी मात्र तुला कधी 'वकील' म्हटलं नाही. मला वाटायचं, एकानं तरी तुला दत्ता म्हणायला हवं.

रविवारी सकाळी तुझी स्कूटर माझ्या ओट्याशी थांबायची. पिशवीत आठवड्याचे कच्चे दावे. तालुक्याच्या कोर्टात कामकाज मराठीत, आणि तुझं मराठी तोंडातून गोड यायचं, पण कागदावर उतरलं की त्याला हातपाय राहायचे नाहीत. "शुद्ध करून दे, मास्तर," एवढं म्हणून तू पोह्यांकडे वळायचास. मी लाल पेन काढायचो. काम फुकटचं होतं पण मान मोठा होता. कोर्टाबाहेरचा टायपिस्टसुद्धा म्हणायचा, "मास्तरांनी तपासलंय ना? मग बिनचूक असणार." हे वाक्य मी घरी येऊन बायकोला सांगायचो. सहज विषय निघाल्यासारखं.

भांडण मात्र दर रविवारी व्हायचं. तुझं म्हणणं, माणूस जसं बोलला तसंच कागदावर जावं.

"साक्षीदार 'लई' म्हनला, तू 'पुष्कळ' केलंस. आता उलटतपासात समोरचा विचारणार, 'पुष्कळ म्हणजे किती?' आणि आमचा गडी म्हणणार, 'साहेब, मी पुष्कळ म्हनलोच न्हाई.' झाला ना खोटारडा?"

"दत्ता, कोर्टाला काही भाषा असते."

"कोर्टाला भाषा नसती. कोर्टाला कागद असतात. भाषा माणसाला असती."

"हे वाक्य तू कुठंतरी वाचलंयस."

"तुझ्यासारखं वाचत बसलो असतो तर माझी प्रॅक्टिस पेंडीच्या दुकानाच्याही खाली गेली असती."

तर अशाच एका शनिवारी हिराबाई तुझ्या खोलीत आली. मीना नदीच्या उगमाकडच्या, पार डोंगराला टेकलेल्या एका वाडीतली. नवरा वारलेला. भाताचं एक खाचर, वर नाचणीचा उतार, आणि त्या उतारावर एक पट्टा हिरड्याच्या सात झाडांचा. तिचा चुलत दीर कोंडाजी शेजारचं रान कसत होता, आणि नवऱ्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्यानं तो पट्टा आपल्याकडे ओढला होता. भात घरात खायला पुरायचं. बाकी वर्षाचं जे काही बाजारातून आणायचं, ते त्या सात झाडांवर. झाडं भरली होती. आठ-दहा दिवसांत बाळहिरडा, म्हणजे कोवळं फळ, उतरवायला येणार होता. सोमवारी दावा पडला नाही तर तो कोंडाजी उतरवणार होता.

तू तिच्या तोंडून जमिनीचं वर्णन लिहून घेतलंस. दाव्यात मिळकतीच्या चारी बाजू लिहाव्या लागतात, चतुःसीमा. तिनं सांगितलं तसं तू लिहिलंस: वरल्या अंगाला कोंडाजीचं रान, खालल्या अंगाला वाट, एका अंगाला ओढा, एका अंगाला वाघोबाचं ठाण. आणि सात झाडांचा पट्टा कुठं? वरल्या अंगाला. समासात तू पेन्सिलीनं लिहिलं होतंस, 'दिशा विचारणे'. रविवारी ते कागद माझ्याकडे ठेवून तू कुठल्याशा लग्नाला गेलास.

मी पेन्सिलीतली टीप वाचली, दत्ता. हे मी आज पहिल्यांदा लिहून देतो आहे. वाचली, आणि म्हटलं, यात विचारायचं काय? माझ्या वर्गाच्या भिंतीवर नकाशा होता. भूगोलाचे शिक्षक रजेवर गेले की तो नकाशा पट्टीनं मीच शिकवायचो. वर उत्तर, खाली दक्षिण. माझ्या वडिलांना शेत नव्हतं. दिशा मी रानात शिकलो नाही, भिंतीवर शिकलो. 'वरल्या अंगाला' हे मी खोडलं आणि सुरेख अक्षरात 'उत्तरेस' लिहिलं. 'खालल्या अंगाला' खोडून 'दक्षिणेस'. मग उरलेला ओढा ओघानं पूर्वेला गेला आणि वाघोबा पश्चिमेला. एक अख्खं रान मी बसल्या जागी काटकोनात फिरवलं आणि वर चहा प्यालो.

त्या खोऱ्यात वर म्हणजे पश्चिम. नदी डोंगरातून उगवतीकडे उतरते. पाणी जिकडून येतं ते वर, जिकडं जातं ते खाली. हे तिथल्या शेळीलाही माहीत असतं. तुलाही माहीत होतं. पण तू सोमवारी सकाळी घाईत आलास, शेवटच्या पानावर सही केलीस, आणि बाकीची पानं वाचली नाहीस. कारण मास्तरांनी तपासलं होतं.

मनाई हुकूम त्याच आठवड्यात मिळाला. हिराबाई तो हुकूम पदरात बांधून एसटीत बसली. पुढचं बेलिफानं कोर्टाच्या व्हरांड्यात रंगवून सांगितलं, ते तू नंतर माझ्यासमोर कधी सांगितलं नाहीस, म्हणून मला व्हरांड्यातूनच कळलं. बेलिफ वाडीत पोहोचला तेव्हा कोंडाजी तिसऱ्या झाडावर होता.

"खाली उतरा. कोर्टाची मनाई हाय."

"कुठल्या अंगाला?"

बेलिफानं कागद बघितला. "उत्तरेला."

"मंग उत्तरेला ओढा हाय. ओढ्याला मनाई करा की. ह्ये वरलं अंग, मावळतीचं. कागूद नीट वाचा, रावसाहेब." आणि त्यानं वरून मूठभर हिरडे टाकले. "घ्या. खोकल्याला चांगलं असत्यात."

सातही झाडं त्यानं चार दिवसांत उतरवली. हुकूम पदरात बांधून हिराबाई ओढ्याच्या काठावर उभी होती, असं बेलिफ म्हणाला. ओढ्याला मात्र कोणी हात लावला नाही. आदेशाचं तंतोतंत पालन झालं.

दुरुस्तीचा अर्ज होता त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून जुन्नरला आलो. मागच्या बाकावर बसलो, शेजारी हिराबाई. समोरच्या बाजूनं तेच ज्येष्ठ वकील, म्हशींच्या थट्टेवाले. त्यांना नवी थट्टा मिळाली होती, आणि ते ती दोन्ही हातांनी खात होते. "साहेब, वादीच्या वकिलांनी ओढा हलवला, वाट वळवली, आणि साक्षात वाघोबाला उठवून पलीकडे बसवलं. आता म्हणतात, सगळं परत जागेवर ठेवा. देवाला किती वेळा उठबस करायला लावणार?" सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही थोडे हसले. ते कोकणातले होते. ते म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्याकडे वर म्हणजे पूर्व. घाटावर जायचं म्हणजे उगवतीला. तुमच्याकडे पश्चिम. ते समजलं. पण दाव्यात तर उत्तर आहे. ही चूक कोणाची?"

हिराबाईनं मला कोपरानं ढोसलं. "मास्तर, काय म्हनत्यात?"

"चूक झालीय म्हणतात."

"कुनाची?"

दत्ता, तू तोवर उभा राहिला होतास. कोटाची बाही सारखी करत होतास. मी तुझ्या पाठीकडे बघत तिला म्हणालो, "कागदाची."

आणि त्याच क्षणी तू म्हणालास, "माझी, साहेब. जागेवर न जाता लिहिलं."

मागच्या बाकावरून उठून बोलायची कोर्टात पद्धत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक आहे याचा इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नसेल.

दुरुस्ती मंजूर झाली. हंगाम मात्र गेला होता. बाहेर टपरीवर तू दोन चहा सांगितलेस. मी म्हणालो, "दत्ता, ते उत्तर..." तू कप माझ्या हातात दिलास. "सही ज्याची, चूक त्याची. चहा गार होतोय."

"पण खोडलं कोणी?"

"मास्तर, मी वकील हाय. मी न वाचता सही केली. तुझी चूक व्याकरणाची. माझी धंद्याची. कुठली मोठी?"

तू मोठी चूक स्वतःकडे घेतलीस, त्यातही मला छोटी दिलीस. मला राग आला. तो राग लाजेचा होता हे कळायला फार वेळ लागला नाही, पण सांगायला लागला. पुढच्या रविवारी मी पोहे करू नका असं घरात सांगून ठेवलं. तू यायचा नाहीस, अशी माझी खात्री होती. नऊ वाजता स्कूटर ओट्याशी. पिशवीतून कागद काढलेस. "शुद्ध करून दे. फक्त 'वर' आणि 'खाली' ह्या दोघांना शिवायचं न्हाई." मग आत बघून ओरडलास, "वहिनी, आज पोहे बंद का? कुणी मनाई आणली?"

त्यानंतर तू कुठलाच दावा खोलीत बसून लिहिला नाहीस. पक्षकार आला की पहिलं वाक्य, "जागेवर चला." वाडीत, माळावर, उसात, गुडघाभर चिखलात, कोटाची घडी स्कूटरच्या डिकीत ठेवून. सुट्टीच्या दिवशी मला मागे बसवायचास. म्हणायचास, "भिंतीवरून उतर जरा." मी ज्या तालुक्यात चाळीस वर्षं राहिलो होतो, तो मला त्या मागच्या सीटवरून दिसला. तुझी पद्धत ठरलेली. शेताच्या मध्यावर मालकाला उभं करायचं आणि म्हणायचं, "तोंडानं नको. हात करा. वर कुठं? हात करा." माणूस हात करायचा, तू त्या हाताच्या रेषेत जाऊन उभा राहायचास, आणि मग वहीत लिहायचास. एकदा आंबेगावकडच्या एका म्हाताऱ्यानं वैतागून विचारलं, "वकील हाय का भविष्यवाला? सारखं हात दाखवा, हात दाखवा!" तू म्हणालास, "बाबा, भविष्यच बघतोय. तुमच्या बांधाचं."

आणि तुझे नकाशे! प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर हातानं काढलेला नकाशा, आणि त्यात पश्चिम वर. उत्तरेचा बाण उजवीकडे. मोजणीवाले तो कागद हातात घेऊन आधी कागद फिरवायचे, मग स्वतः फिरायचे. मी किती डोकं फोडलं तुझ्याशी.

"अरे, सगळं जग उत्तर वर ठेवतं."

"सगळ्या जगाचं वकीलपत्र माझ्याकडं न्हाई, मास्तर."

हिराबाईचा दावा चार वर्षं चालला आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती एक पिशवी वाळलेला हिरडा तुला आणून द्यायची. त्यातला अर्धा तू मला पोहोचवायचास. "वाटा," एवढंच म्हणून. मी तो दरवर्षी घेतला. खोकला झाला की एक हिरडा गालात धरायचो. तुरट लागायचा. हिरडा तुरटच असतो. पण त्याविषयी माझ्याइतका विचार कोणी केला नसेल.

पुढं तुझी खोली बदलली, सरकीचा वास गेला. संगणक आला, मोबाइल आला, दोन ज्युनिअर आले. ते एका फाइलमधलं वर्णन उचलून दुसरीत चिकटवायचे आणि तू ओरडायचास, "अरे, ही जमीन तिथं गेली कशी? चालत गेली का?" तुला बारच्या अध्यक्षपदासाठी उभं करायला लोक आले, तेव्हा तू म्हणालास, "मी जागेवर नसतो." तुझ्या पाटीवर शेवटपर्यंत नाव आणि 'वकील' एवढंच होतं. तुझ्या दाव्यांत मात्र आपल्या भांडणाची तडजोड कायमची छापली गेली: 'वरल्या अंगाला, म्हणजे पश्चिमेस.' पहिला शब्द तुझा, दुसरा माझा, मधला 'म्हणजे' दोघांचा. मला वाटतं, आपल्या मैत्रीचं एवढं बरं वर्णन मला जमलं नसतं.

फक्त त्या एका शब्दाबद्दल मी कुणाशी बोललो नाही. हिराबाई भेटायची, कधी बाजारात, कधी तुझ्या खोलीत. "बरं हाय का, मास्तर?" "बरं आहे." बस. शाळेत मी मुख्याध्यापक झालो. माझी शुद्धलेखनाची पुस्तिका निघाली, तिचा प्रकाशन समारंभ झाला, मला शाल मिळाली. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतास. मी तुझ्याकडे बघणं टाळलं. अशा समारंभांची मी जन्मभर टिंगल केली, आणि माझ्यावर शाल पडली तेव्हा ती नीट बसावी म्हणून खांदा वर केला.

शेवटी तू दवाखान्यात होतास तेव्हा मी ठरवून आलो होतो. एसटीत वाक्यं जुळवली होती. तू डोळे मिटून पडला होतास. माझी चाहूल लागली तसा म्हणालास, "मास्तर, ही खिडकी कुठल्या अंगाला हाय?"

"उत्तरेला."

"नक्की? जागेवर जाऊन बघितलंस?"

मी हसलो. तू हसलास, मग खोकलास. नर्स आली आणि तिनं मला बाहेर काढलं. जुळवलेली वाक्यं तशीच परत ओतूरला आली.

काल तुझी दशक्रिया झाली. नदीकाठी मांडव, माइक, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पिंडापेक्षा भाषणं जास्त. कावळाही ताटकळला. एकामागून एक गाड्या येत होत्या, आणि प्रत्येक गाडीतून उतरलेला माणूस तुझ्या जाण्यानं तालुक्याची कधीही भरून न येणारी हानी झाल्याचं सांगून दुसऱ्या दशक्रियेला जात होता. मग ते ज्येष्ठ वकील उठले. खूप थकले आहेत आता. त्यांनी तुझ्याबद्दल मनापासून सांगितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच बरं. आणि शेवटी तीच गोष्ट. "दत्तोबानं आयुष्यात एकच चूक केली. पश्चिमेची उत्तर केली आणि वाघोबाला उठवलं! पण कबूल केली, भर कोर्टात." मांडव हसला. प्रेमानं हसला, दत्ता. तुझ्या साऱ्या वकिलीतून लोकांनी तेवढीच गोष्ट उचलून जपून ठेवली आहे. आणि ती तुझी नाही.

मी उठलो. निवेदक म्हणाला, "मास्तर, दोन शब्द. दोनच हां, साहेबांची गाडी आली आहे." मी माइक धरला आणि म्हणालो, "ती चूक दत्ताची नव्हती. ते 'उत्तर' मी लिहिलं होतं. त्याच्या कागदावर खाडाखोड करून मी लिहिलं होतं. हे मी सोळा वर्षं सांगितलं नाही."

वाटलं, झालं एकदाचं.

निवेदकानं माइक माझ्या हातातून काढून घेतला. त्याचा आवाज भरून आला होता. "पाहिलंत, मंडळी? याला म्हणतात मैत्री! मित्राच्या मागे त्याची चूक आपल्या अंगावर घेणारी माणसं आता राहिली नाहीत!" आणि दशक्रियेत कधी वाजत नाहीत त्या टाळ्या वाजल्या.

खरं सांगतो, तू असतास तर हसून मांडवाचा खांब धरला असतास. मी सोळा वर्षांनी चोरी कबूल केली आणि मला दानशूर ठरवून खाली बसवण्यात आलं. फ्लेक्सवर जागा असती तर संध्याकाळपर्यंत विसावा चेहरा माझा लागला असता.

मी मांडवाबाहेर येऊन कठड्यावर बसलो. बायकांच्या बाजूनं हिराबाई उठून आली. पाठीत वाकली आहे. हातात तीच कापडी पिशवी.

"मास्तर, लई घाम फुटलाय तुमाला."

"हिराबाई, मी आत्ता जे बोललो ते खरं आहे. मोठेपणा नाही. मीच लिहिलं होतं."

"मला म्हाईत हाय."

"दत्तानं सांगितलं?"

"न्हाई वो. त्यांला मी इचारलं व्हतं, तवाच. ते म्हनले, हिराबाई, सही कुनाची हाय? म्हनलं, तुमची. म्हनले, मंग झालं." ती शेजारी टेकली. "तुमीच सांगितलं मला. कोर्टात. मी इचारलं कुनाची चूक, तुमी म्हनला कागदाची. कागूद काय आपनहून चुकतो व्हय, मास्तर? कागूद तपासायचं तुमीच, तवाच वळखलं. तोंड बी केवढंसं झालं व्हतं तुमचं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? वरीसभर तुमच्या नावानं बोटं मोडली की. मिठाला म्हाग झालो व्हतो." हे ती काहीही न लपवता म्हणाली. "मंग झाडं मिळाली. मंग पोराचं लगीन, पाऊसपानी, ह्ये-त्ये. पर वाट बघितली म्या. म्हनलं, मास्तर शिकलेलं हाय, त्याला येळ लागंल."

तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. या वर्षीचा हिरडा. "वकीलसायबांचा वाटा अन् तुमचा. दोन्ही आता तुमीच ठिवा."

मांडवात पुढचे साहेब बोलायला उभे राहिले होते. दत्तोबा आज वरून आपल्याला पाहत आहेत, असं ते सांगत होते, आणि सवयीनं सगळ्या माना आभाळाकडे गेल्या. माझीही गेली.

"कुठं बघताय?" हिराबाई म्हणाली.

"वर गेला ना दत्ता," मी म्हणालो.

"व्हय. वर गेले." आणि तिनं हात केला. आभाळाकडे नाही. नदीच्या उलट्या अंगानं, डोंगराकडे, जिकडून पाणी येतं तिकडे. तू शिकवलं होतंस तसा, सरळ, बोटांपर्यंत ताणलेला हात.

मी उठून तिच्या हाताच्या रेषेत उभा राहिलो आणि बघितलं. या वेळी दुरुस्त केलं नाही.